पडलेल्या फळांचे मोल

१९१७ सालचा शरद ऋतू. इंग्लंडमधली शाळकरी मुले झाडांखाली पडलेली ‘हॉर्स चेस्टनट’ची कडू फळे पोत्यांत भरत होती. कशासाठी, ते त्यांना ठाऊक नव्हते.

रसायनशास्त्रज्ञ चैम वाइझमन (१८७४-१९५२) यांनी मँचेस्टरला जिवाणूंकरवी मक्याचे पीठ आंबवून अ‍ॅसिटोन काढण्याची रीत शोधली होती. तोफांच्या कॉर्डाइट दारूला अ‍ॅसिटोन लागे. जर्मन पाणबुड्यांमुळे मका मिळेना, तेव्हा ही निरुपयोगी फळे आठवली. पण गाड्या अपुऱ्या पडल्या. ढीग स्टेशनांवरच कुजले आणि उताराही कमी आला.

वाइझमन पुढे, १९४९ मध्ये, इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. टाकाऊ फळाला मोल येते, पण ते वेळेवर भट्टीपर्यंत पोहोचले तरच, हा धडा मात्र त्या पोत्यांनी दिला.