अंगणवाडीतलं ‘अंगण’ आलं कुठून?
आज गावोगावी अंगणवाडी आहे. पण या शाळेची सुरुवात झाली, तेव्हा तिला स्वतःच्या भिंतीच नव्हत्या.

१९४५ साली ताराबाई मोडक मुंबई सोडून डहाणूजवळच्या बोर्डीत आल्या. तिथं त्यांनी बालवाडी काढली, पण गरीब वस्तीतली पोरं तिकडं फिरकेनात. घरी धाकटी भावंडं सांभाळायची कुणी?

मग ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली. सोबतीला अनुताई वाघ होत्याच. कुणाच्याही अंगणात पोरं जमायची. गाणी, गोष्टी, खेळ सुरू व्हायचे. झाली अंगणवाडी! पुढं कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी कुरणशाळाही भरली.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. १९७५ मध्ये केंद्राची बालविकास योजना आली आणि हेच नाव देशभर पोचलं. ते बघायला ताराबाई मात्र नव्हत्या.