छायेतील विषमता टिपणारा शास्त्रज्ञ

शिक्षकाचे व्यंगचित्र काढणाऱ्या सहाध्यायाचे नाव सांगण्यास नकार दिला म्हणून नेदरलँड्समधील तंत्रशाळेने विल्हेल्म कॉनराड रॉन्टजेन यांना काढून टाकले. २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप येथे जन्मलेल्या या विद्यार्थ्यापाशी त्यामुळे शालान्त प्रमाणपत्र उरले नाही. अखेर प्रवेश परीक्षा देऊन त्यांनी झुरिक येथे यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १८६९ मध्ये डॉक्टरेटही मिळवली.

वुर्झबर्ग विद्यापीठात प्राध्यापक असताना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी त्यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पत्नी बर्था यांच्या हाताची, हाडे व अंगठी दाखविणारी प्रतिमा जगभर गाजली. मात्र त्यांच्या पहिल्याच शोधनिबंधातील एका नोंदीकडे फारसे लक्ष जात नाही. धातूच्या तुकड्यातील विषमता या किरणांमुळे दिसून येते, असे त्यांनी नमूद केले होते.

कर्करोगावरील किरणोपचारात आज नेमक्या अशाच विषमतेचा अभ्यास सुरू आहे. दोन रुग्णांच्या गाठी आकाराने सारख्या असल्या, तरी सीटी स्कॅनमध्ये एकीचा पोत एकसारखा, तर दुसरीत करड्या छटांची सरमिसळ आढळते. काही ठिकाणी पेशी मृत झालेल्या असतात, तर काही ठिकाणी रक्तपुरवठा अपुरा असतो. प्राणवायू कमी मिळणाऱ्या पेशी किरणांना सहजी दाद देत नाहीत. डोळ्यांना न जाणवणारे हे छटांचे फरक संगणक मोजतो. फुफ्फुस आणि डोके-मान कर्करोगाच्या १,०१९ रुग्णांच्या स्कॅनवरून नेदरलँड्स व अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ मध्ये अशा मोजमापांचा रुग्णांच्या आयुर्मानाशी संबंध दाखविला. रुग्णागणिक किरणांची मात्रा ठरविण्यासाठी हा पोत उपयोगी पडावा, ही अपेक्षा आहे. यंत्र वा त्याची मांडणी बदलली की आकडेही बदलतात, हा त्यातील मोठा अडसर होय.

१९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक रॉन्टजेन यांना मिळाले. त्याची रक्कम त्यांनी विद्यापीठाला दिली. शोधाचे पेटंट घेणे त्यांनी कटाक्षाने टाळले. म्हणूनच १८९६ पासून डॉक्टरांना हे किरण उपचारांसाठी मुक्तपणे वापरता आले. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत मात्र त्यांची स्वतःची पुंजी आटली. १९१९ मध्ये पत्नीचे निधन झाले. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे आतड्याच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. मृत्युपत्रातील इच्छेनुसार त्यांचा बहुतेक पत्रव्यवहार नष्ट करण्यात आला.