सर आल्बर्ट हॉवर्ड व इंदूरचे खत

गावाच्या कडेला उकिरडा असतोच. उन्हाळ्यात तो वाळतो, वारा त्यातील पाला उडवून नेतो, आणि मृगाचा पाऊस उरलेले सत्त्व ओढ्यास वाहून नेतो. ह्याच उकिरड्याकडे ज्या विद्वानाने आदराने पाहिले, त्याचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सांगतो.

आल्बर्ट हॉवर्ड ह्यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडातील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिज येथे विद्या संपादून ते १९०५ साली बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल ह्याही त्याच शास्त्रात निष्णात असून उभयतांनी पुष्कळ वर्षे बरोबरीने काम केले. जे आपण स्वतः करून पाहिले नाही ते शेतकऱ्यास शिकवावयाचे नाही, असा हॉवर्डांचा बाणा होता. म्हणून त्यांनी स्वतःच्या प्रयोगांकरिता जमीन व बैल मागून घेतले, आणि आसपासच्या शेतकऱ्यांस गुरू मानिले.

१९२४ साली ते इंदूर येथील नव्या संस्थेचे प्रमुख झाले. तेथे काळी जमीन, कपाशीचे पीक व कडक उन्हाळा. अडचण जुनीच होती. शेण जमिनीसही हवे आणि चुलीसही हवे. ज्या घरी सरपण नाही, तेथे गोवऱ्या थापू नका असे सांगणे सोपे. पण मग भाकरी कशावर भाजावी? हॉवर्डांनी त्या घरास दोष दिला नाही. थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजविता येईल काय, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. चिनी शेतकऱ्यांच्या जुन्या रीतीचा त्यांनी विचार केला, आणि यशवंत वाड ह्या सहकाऱ्याचे त्यांस मोठे साहाय्य झाले.

उघड्यावरचा ढीग उन्हाने वाळला म्हणजे कुजणे थांबते. म्हणून कोरड्या दिवसांत त्यांनी सुमारे २ फूट खोल खड्डे केले. कठीण पऱ्हाट्या गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चिरडून घेतल्या. काडीकचऱ्याच्या थरांवर थोडे शेण, गोठ्यातील मुताने भिजलेली माती व चुलीची राख घालून पाणी शिंपडले. ओल पिळलेल्या फडक्याइतकीच असावी. पाणी फार झाले तर आतील हवा कोंडते. सुमारे ३ महिन्यांत ३ वेळा उलथापालथ केली की काळेभोर खत तयार होई. पावसाळ्यात मात्र खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा ढीग जमिनीवर रचीत.

१९३० साली गॅब्रिएल वारल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड व वाड ह्यांचा ह्या रीतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि हॉवर्ड हा देश सोडून गेले. १९३४ साली त्यांस सर ही पदवी मिळाली. १९४७ साली ते निवर्तले. परंतु इंदूरचे नाव त्या खताबरोबर दूरदूरच्या देशी गेले.

वाचकहो, ह्या खतास विकतचे काही लागत नाही. लागते ती नेमाने केलेली मेहनत. कापणीनंतरचा कचरा पेटविण्यापूर्वी आपण सर्वांनी ह्या गृहस्थाचे स्मरण करावे, आणि एक लहानसा खड्डा तरी खणून पाहावा.