शाळा न लाभलेल्याची शाळा

'कमवा व शिका' योजनेत मी दोन वर्षे आपल्या ग्रंथालयाची झाडलोट करतो आहे. पहिल्या वर्षी हातात झाडू पाहून वर्गातील मुले हसतील, या धास्तीने मी भल्या सकाळीच काम उरकून घेई. अशाच एका सकाळी धूळ झटकताना ड्वाइट मूडी यांचे चरित्र हाती लागले. जग त्यांना धर्मोपदेशक म्हणून ओळखते. मला मात्र त्यांच्यातला शाळा काढणारा माणूस अधिक जवळचा वाटला.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात नॉर्थफील्ड या खेड्यात ५ फेब्रुवारी १८३७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील गवंडी होते. मूडी चार वर्षांचे असतानाच ते अचानक वारले. सावकारांनी घरातले होते नव्हते ते नेले. सरपणसुद्धा सोडले नाही. त्यानंतर महिन्याभरात आईला जुळे झाले आणि नऊ लेकरांचा भार तिच्या एकटीवर पडला. मुले कोवळ्या वयातच दुसऱ्यांच्या शेतावर राबू लागली. मूडींची शाळा सुटली ती कायमची. त्यांचे शुद्धलेखन जन्मभर कच्चेच राहिले.

सतराव्या वर्षी ते बॉस्टनला मामांच्या जोड्यांच्या दुकानात लागले. १८५५ मध्ये चर्चचे सभासद होण्यासाठी गेले, तर धर्माचे ज्ञान अपुरे म्हणून त्यांना थांबवून ठेवण्यात आले. पुढे शिकागोत जोडे विकता विकता त्यांनी गरीब वस्तीतील मुलांसाठी रविवारची शाळा चालवली. १८७३ ते १८७५ या काळात गायक सँकी यांच्यासह त्यांनी ब्रिटनमध्ये सभा घेतल्या, आणि मूडी हे नाव सर्वतोमुखी झाले.

कीर्ती मिळाल्यावर ते आपल्या खेड्याकडे वळले. डोंगरातल्या एका झोपडीत अंथरुणाला खिळलेला बाप आणि पोटासाठी गवती टोप्या विणणाऱ्या त्याच्या मुली त्यांना दिसल्या. या मुलींनी शिकायचे कुठे, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना, असे सांगतात. १८७९ मध्ये नॉर्थफील्डला मुलींची आणि १८८१ मध्ये नदीपलीकडे माउंट हर्मन येथे मुलांची शाळा निघाली. बायबलच्या अभ्यासाबरोबर महाविद्यालयात जाण्याची तयारी तेथे करून घेतली जाई. वर्षाची फी १०० डॉलर, म्हणजे खर्चाच्या निम्मी. उरलेला भार देणग्यांवर आणि भजनांच्या पुस्तकाच्या उत्पन्नावर. शिवाय शेत, गोठा, स्वयंपाकघर यांतले काम प्रत्येकाने केलेच पाहिजे. त्यातून श्रीमंताच्या मुलालाही सूट नव्हती.

गुलामीत जन्मलेले टॉमस नेल्सन बेकर याच शाळेतून १८८९ मध्ये उत्तीर्ण झाले आणि १९०३ मध्ये येल विद्यापीठाचे तत्त्वज्ञानातील डॉक्टर झाले. त्याच मूडींच्या दक्षिणेकडील सभांत मात्र गोरे आणि काळे वेगळे बसवले जात, आणि त्यांनी ते चालू दिले. फ्रेडरिक डग्लस आणि आयडा वेल्स यांनी त्याबद्दल त्यांना दोष दिला. तो दोष योग्यच होता, असे मला वाटते. आपल्या शाळेत जे त्यांनी करून दाखवले, ते व्यासपीठावर करण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

या शाळेशी आपल्याकडचाही एक धागा जुळतो. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे मोठे शिबिर भरले. शंभर तरुणांनी परदेशी धर्मकार्याला जाण्याचा निश्चय केला. त्यामागे खटपट करणारा रॉबर्ट वाइल्डर हा तरुण १८६३ मध्ये आपल्या कोल्हापुरात जन्मला होता!

२२ डिसेंबर १८९९ रोजी नॉर्थफील्डलाच मूडी वारले. मुलींच्या शाळेजवळच्या टेकडीवर त्यांची समाधी आहे. दोन्ही शाळा १९७१ मध्ये एक झाल्या. ती शाळा आजही माउंट हर्मन येथे चालू आहे, आणि विद्यार्थ्यांना अंगमेहनतीचे काम अजून चुकलेले नाही.

मित्रहो, आपल्याला जे मिळाले नाही त्याची खंत सारेच करतात. ते इतरांना मिळावे म्हणून झटणारे थोडे. मी अजून त्या थोड्यांतला नाही. पण हल्ली ग्रंथालय भरलेले असतानाही मी झाडू हातात घेतो, आणि कोण पाहते आहे इकडे माझे लक्ष नसते.