कमलाबाई आणि जव्हारचे ताट

दुर्गाबाई भागवतांचे नाव ठाऊक नाही असे वाचते मराठी घर विरळाच. पण त्यांच्या धाकट्या बहिणीचे नाव विचारले की भलेभले गप्प होतात. ती बहीण म्हणजे डॉ. कमला सोहोनी. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आहाराच्या कामासाठी माझे जाणे-येणे असते, आणि तिथल्या ताटाकडे पाहताना या विदुषीची आठवण मला हटकून होते.

कमलाबाईंचा जन्म १९११ मधला, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने मिळवून मुलीने बंगळूरच्या विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज फेटाळला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती. कमलाबाई थेट त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि प्रवेश घेतल्याशिवाय हलल्या नाहीत. प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष परीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे, आणि आपल्यामुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहीत. मात्र वर्षभरातच त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि पुढच्या मुलींसाठी ते दार उघडे झाले.

तिथे श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. प्रथिन म्हणजे काय, हे एखाद्या आजीला सांगायचे तर मी माळेचे उदाहरण देतो. सजीवांच्या शरीरातले बरेचसे मोठे रेणू माळेसारखेच असतात. भातातला स्टार्च ही एकाच जातीच्या, ग्लुकोजच्या मण्यांची माळ. प्रथिनाच्या माळेत मात्र अमिनो आम्लांचे वीस प्रकारचे मणी असतात. त्यांचा क्रम बदलला की माळेची घडी बदलते, आणि घडी बदलली की काम बदलते. केस, स्नायू, रक्तातले हिमोग्लोबिन, पोटातले पाचकरस ही सारी याच माळांची किमया.

पुढे कमलाबाई केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या श्वसनाचा अभ्यास करताना बटाट्यावर काम करता करता त्यांना सायटोक्रोम-सी हे प्रथिन सापडले. पेशीत ऊर्जा तयार होताना इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात देणारा हा लोहयुक्त रेणू. तो प्राण्यांत असतो तसा वनस्पतींच्या पेशींतही असतो, हे या कामातून पुढे आले. जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात हा मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक.

परदेशात राहणे सोपे होते, पण त्या परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि १९४७ मध्ये विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था. इथे त्यांनी विद्यार्थ्यांसह आपल्या नेहमीच्या कडधान्यांना हात घातला. १९५५ मध्ये वालातून त्यांनी एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. ते ट्रिप्सिनला अडवते. ट्रिप्सिन म्हणजे आतड्यात प्रथिनांच्या माळा तोडणारी कात्री. कात्रीच अडली तर खाल्लेले अंगी कसे लागणार? उष्णतेने मात्र या अडसराची घडी मोडते आणि तो निकामी होतो. वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवण्याची आपल्या घरांतली रीत किती शहाणपणाची आहे, ते यावरून कळावे.

आता जव्हारच्या ताटाकडे वळू. डोंगरउतारावर नागली आणि वरई, जोडीला उडीद-तूर. नागलीत कॅल्शियम भरपूर. पण बहुतेक तृणधान्यांप्रमाणे लायसिन हा मणी कमी. डाळीत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. दोन्ही एका ताटात आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. भाकरी आणि उडदाचे वरण ही जोडी म्हणूनच अर्थपूर्ण. दुखणे असे की, दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, आणि तेव्हा ताटातून पहिली नाहीशी होते ती डाळ. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. आजही तिथल्या अंगणवाडीत वजनकाट्यावर मूल ठेवताना आईचे डोळे काट्याकडे लागलेले मी पाहतो.

कमलाबाईंना ही भूक परकी नव्हती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम केले. ताडाच्या या ताज्या, न आंबलेल्या रसात जीवनसत्त्वे आणि लोह असते, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवतींना त्याचा उपयोग होतो, असे त्यांना आढळले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र हक्क असूनही उशिरा हाती आले. पुढे ग्राहक चळवळीत शिरून भेसळीविरुद्ध त्यांनी लेखणी चालवली. १९९८ मध्ये दिल्लीत सत्कारासाठी गेल्या असताना त्या कोसळल्या, आणि लवकरच हे आयुष्य संपले.

२०१५ पासून राज्यात अमृत आहार योजना आहे. आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण आणि लहानग्यांना अंडी वा केळी देणारी. तिच्या मुळाशी असलेले पोषणाचे गणित कमलाबाईंच्या पिढीने प्रयोगशाळेत रात्री जागून मांडले. माळेतला एक मणी कमी पडला तर माळ अडते, हे त्यांनी दाखवून दिले. तो मणी मोखाड्याच्या शेवटच्या पाड्यापर्यंत वेळेवर पोचवणे, हे काम मात्र प्रयोगशाळेचे नाही. ते तुमचे-माझे आहे.