बगदादचा उस्ताद जेव्हा गप्प झाला

काही वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला आणि वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत उभा राहिला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं की, पाच वक्त नमाज पढणारा माणूस उदास होऊ शकतो का? त्याचे अब्बू आखातातली नोकरी सुटल्यावर घरी परतले होते. धड जेवत नव्हते, कुणाशी बोलत नव्हते. येणारे-जाणारे पाहुणे ऐकवून जायचे की, मर्द माणसाने असं बसून राहायचं नसतं, इमान कमजोर झालं की असं होतं. मुलाला अब्बूंची काळजी वाटत होती आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटत होती.

त्या दिवशी मी धीराचे दोन शब्द बोललो, पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर काही देता आलं नाही. ते मला पुढे एका अशा माणसाच्या आयुष्यात सापडलं, ज्यांच्या इमानावर बोट ठेवायची हिंमत कुणी करणार नाही. ते म्हणजे हुज्जतुल इस्लाम, अर्थात इस्लामचा पुरावा, या नावाने ओळखले जाणारे इमाम अबू हामिद गझाली (रह.). त्यांची विद्वत्ता आपण ऐकून असतो. पण ते एकदा आतून पूर्ण कोसळले होते आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेवली, हे आपल्या घरांत फारसं सांगितलं जात नाही.

यतीम मुलगा

इमाम साहेबांचा जन्म १०५८ साली खुरासानातल्या तूस इथे झाला. हे ठिकाण आजच्या इराणमध्ये, मशहद शहराजवळ आहे. वडील गरीब होते. ते लोकर कातून पोट भरत, असं सांगितलं जातं. त्यांना शिकायला मिळालं नव्हतं, पण उलेमांच्या बैठकीत जाऊन बसायचे, ऐकता ऐकता रडायचे आणि अल्लाहकडे आलिम होणारा मुलगा मागायचे. रडायला न लाजणारा हा बाप लवकरच गेला. जाताना अबू हामिद आणि धाकटा अहमद या दोघांना त्याने एका सूफी मित्राच्या हवाली केलं, सोबत थोडेफार पैसे दिले. ते पैसे संपले तेव्हा त्या मित्राने मुलांना मदरशात जायला सांगितलं, कारण तिथे शिक्षणासोबत दोन वेळचं जेवणही मिळत होतं.

त्यांच्या विद्यार्थीदशेतला एक किस्सा प्रसिद्ध आहे. जुर्जानहून शिकून परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. तरुण अबू हामिद त्यांच्या मागे गेले आणि बाकी सगळं ठेवा, फक्त माझ्या टिपणांच्या वह्या द्या, अशी विनवणी करू लागले. दरोडेखोरांचा म्होरक्या हसला. चोराने पळवलं की जे संपतं, ते कसलं इल्म, असं त्याने सुनावलं आणि वह्या परत दिल्या. तो टोला अबू हामिद यांनी मनावर घेतला. पुढची तीन वर्षं त्या वह्या पाठ करण्यात घालवली.

नंतर निशापूरला इमामुल हरमैन जुवैनी यांच्यासारखा उस्ताद लाभला. १०८५ मध्ये उस्तादांचं निधन झालं आणि अबू हामिद सल्जुकांचे प्रसिद्ध वजीर निजामुल मुल्क यांच्या दरबारात गेले. तिथल्या वादविवादांत त्यांच्यापुढे कुणी टिकत नसे. १०९१ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, वजिरांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशाचं मुख्य अध्यापक नेमलं. त्या काळात यापेक्षा मोठी जागा क्वचितच होती. समोर ३०० विद्यार्थी बसत. मान होता, पैसा होता, उंची कपडे होते.

त्यांना जवळून ओळखणारे अब्दुल गाफिर फारिसी यांनी लिहून ठेवलंय की, त्या काळात त्यांच्या वागण्यात ताठा होता आणि इतरांना ते कमी लेखत. यतीम मुलगा शिखरावर पोहोचला होता, पण काहीतरी राहून गेलं होतं.

जीभ उचलेना

१०९२ मध्ये निजामुल मुल्क यांची हत्या झाली. काही आठवड्यांतच सुलतान मलिकशाह यांचंही निधन झालं आणि गादीसाठी भांडणं सुरू झाली. बाहेर ही धामधूम असतानाही इमाम साहेबांची लेखणी थांबली नाही. जानेवारी १०९५ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञांचं खंडन करणारा ‘तहाफुतुल फलासिफा’ हा गाजलेला ग्रंथ पूर्ण केला. त्यानंतर सहाच महिन्यांत, रजबच्या सुमारास, ते एक वाक्यसुद्धा शिकवू शकत नव्हते.

आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नाव व्हावं म्हणून, हा प्रश्न त्यांना आतून कुरतडत होता. उत्तर त्यांना माहीत होतं आणि तेच सहन होत नव्हतं. सकाळी सगळं सोडायचं ठरवायचे, संध्याकाळी मन फिरायचं. एक पाय पुढे, एक मागे, असे सुमारे सहा महिने गेले. शेवटी वर्गात जिभेनेच साथ सोडली. विद्यार्थ्यांचं मन राखावं म्हणून एक दिवस तरी शिकवू, असं ठरवून बसायचे, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. मग भूक गेली. घोट गिळवेना, घास पचेना. अंगातली ताकद सरली. हकिमांनी तपासलं आणि हात टेकले. दुखणं मनातून सुरू होऊन शरीरात उतरलंय, मनावरचं ओझं हलकं झाल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मी स्वतः वीस वर्षं वर्गात उभा राहतोय. घसा बसला तरी शिक्षकाचा जीव कासावीस होतो. इथे तर सगळ्या बगदादने ज्यांचं ऐकावं, तो उस्ताद मुलांपुढे गप्प बसला होता. वर्षांनंतर त्यांनी ‘अल मुन्किज मिनद्दलाल’ या आत्मकथेत हे सगळं न लपवता लिहिलं. कोसळणं जितकं मोठं, तितकीच मोठी ती कबुली आहे.

बाहेर पडले, पण घर वाऱ्यावर सोडलं नाही

हतबल होऊन त्यांनी अल्लाहपुढे हात पसरले आणि मग पद, पैसा सोडणं सोपं झालं, असं ते सांगतात. १०९५ च्या अखेरीस हजला जातो असं सांगून त्यांनी बगदाद सोडलं. संपत्ती वाटून टाकली, पण बायको-मुलांच्या गुजराणीपुरतं आधी बाजूला ठेवलं. ही बाब आपण पुरुषांनी लक्षात ठेवावी. मन बरं करण्यासाठी बाजूला होणं वेगळं आणि जबाबदारी टाकून पळणं वेगळं. अर्थात त्यांच्या हाताशी पैसा होता, त्यांना हे जमलं. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला नोकरी सोडून दमिश्कला जाता येत नाही. तेव्हा त्यांच्याकडून प्रवास घ्यायचा नाही, थांबण्याची हिंमत घ्यायची.

दमिश्कच्या उमवी मस्जिदीच्या मिनारात ते दिवसभर दार लावून एकांतात बसत. तिथून बैतुल मुकद्दसला गेले. मग अल-खलील इथे हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या कबरीपाशी तीन गोष्टींचा निश्चय केला. सुलतानाच्या दरबारात जायचं नाही, त्याचा पैसा घ्यायचा नाही आणि जिंकण्यासाठी वाद घालायचा नाही. ज्या तीन गोष्टींनी त्यांना मोठं केलं होतं, त्याच त्यांनी सोडल्या. पुढे मक्का-मदिनेची जियारत केली.

आणि मग हा एकांतप्रिय माणूस घरी परतला. कशासाठी? मुलांच्या हाकांनी आपल्याला वतनाकडे ओढलं, असं त्यांनीच नोंदवलंय. तूसला आल्यावरही संसाराच्या अडचणी एकांतात सतत व्यत्यय आणायच्या. तेही त्यांनी लपवलं नाही. बरं होणं म्हणजे एका रात्रीत नवा माणूस होणं नसतं. त्यांना सुमारे अकरा वर्षं लागली.

बदललेला उस्ताद

याच वर्षांत ‘इह्या उलूमिद्दीन’ लिहिला गेला. त्याचे चाळीस भाग आहेत. नमाज-रोजासोबत राग, हेवा, घमेंड, दिखावा या मनाच्या आजारांवर त्यात स्वतंत्र भाग आहेत. हे आजार त्यांनी आधी स्वतःत पाहिले होते, म्हणून ते लिखाण कोरडं वाटत नाही. मुलांच्या तरबियतीबद्दलही त्यात लिहिलंय. मकतब सुटल्यावर मुलाला खेळू द्यावं, सतत अभ्यासाला जुंपलं तर त्याचं मन मरतं. ऊठसूट रागावू नये, नाहीतर बोलण्याचा असरच उरत नाही. पहिल्या चुकीकडे कानाडोळा करावा, चारचौघांत उघडं पाडू नये. बीएडला आम्ही याच गोष्टी शिकलो. त्या नऊशे वर्षांपूर्वी लिहिल्या गेल्या होत्या! सामान्य माणसाला समजावं म्हणून त्यांनी ‘कीमिया-ए-सआदत’ अरबीऐवजी आपल्या फारसीत लिहिलं.

११०६ मध्ये निजामुल मुल्क यांचे पुत्र फख्रुल मुल्क यांनी निशापूरच्या मदरशात शिकवायला बोलावलं. मन पुन्हा ओढाताणीत सापडलं. या वेळी त्यांनी एकट्याने झुंज दिली नाही, नेक लोकांचा सल्ला घेतला आणि मग होकार दिला. पूर्वी मी नाव मिळवून देणारं इल्म शिकवत होतो, आता नावाचा मोह सोडायला लावणारं शिकवतो, असा फरक त्यांनी स्वतः सांगितला. अब्दुल गाफिर यांना हा बदल आधी दिखाऊ वाटला होता. नीट पारखल्यावर त्यांची खात्री पटली की हा खरोखर वेगळा माणूस आहे. ताठा गेला होता.

अखेर ते तूसला परतले. घराशेजारी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह उभारून तिथेच रमले. १८ डिसेंबर ११११ रोजी, सोमवारी पहाटे, त्यांनी वजू करून फजर अदा केली. कफन मागवलं, त्याचं चुंबन घेतलं, डोळ्यांना लावलं आणि किब्ल्याकडे तोंड करून पहुडले. सूर्य उगवण्याआधीच त्यांनी जगाचा निरोप घेतला. धाकटा भाऊ अहमद यांनी ही हकीकत सांगितली. वय सौर वर्षांनुसार ५३ च्या आसपास.

आज तो मुलगा पुन्हा समोर आला तर मी त्याला सांगेन की, हो बेटा, नमाजी माणूसही उदास होतो. हुज्जतुल इस्लाम झाले होते. त्यात तुझ्या अब्बूंच्या इमानाची कसोटी नाही आणि तुला लाजण्यासारखंही काही नाही. त्यांना टोमणे मारणाऱ्या पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावा. अब्बूंना चांगल्या डॉक्टरांकडे न्या. इमाम साहेबांनाही हकिमांनी तपासलं होतं. दुआ सोडू नका. आणि रात्री जेवताना त्यांच्या शेजारी बस. बोलले तर ऐक. नाही बोलले तरी बसून राहा.

आपल्या मुलग्यांना आपण सलाहुद्दीन अय्युबींच्या तलवारीच्या गोष्टी आवडीने सांगतो. त्या जरूर सांगाव्यात. पण सोबत हीही सांगू या. एक थोर माणूस होता, त्याला एक दिवस बोलता आलं नाही, ते त्याने मान्य केलं, वेळ घेतला आणि मुलांनी हाक मारली तेव्हा तो घरी परतला.