हशाचा हिशेब ठेवणारा नट

उंच इमारतीच्या दर्शनी भागावरील घड्याळाचा काटा धरून लोंबकळणारा, गोल चष्म्याचा एक तरुण आणि त्याच्या पायाखाली, खोल रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारगाड्या. मूकपटांच्या जमान्यातील हे दृश्य ज्यांनी पाहिले नाही अशी माणसे विरळाच. मात्र त्या तरुणाचे नाव विचारले, तर अनेकजण अडखळतात. हॅरॉल्ड लॉइड हे ते नाव. चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांच्या पंक्तीला बसणारा हा विनोदवीर घडला तो अमेरिकेतील लहान गावांच्या चित्रपटगृहांत, तिथल्या प्रेक्षकांच्या हशावर.

लॉइडचा जन्म २० एप्रिल १८९३ रोजी नेब्रास्का राज्यातील बर्चर्ड या खेड्यात झाला. वडिलांचा कोणताही उद्योग फार काळ टिकत नसे, त्यामुळे कुटुंबाला सतत गाव बदलावे लागे. आईवडील पुढे विभक्त झाले. लहानग्या हॅरॉल्डला नाटकाचे वेड लागले होते. फिरत्या आणि स्थानिक नाटक कंपन्यांत त्याने मिळेल ती कामे केली. वडिलांना एका अपघाताची भरपाई मिळाली आणि त्या पैशावर बापलेक कॅलिफोर्नियात आले. १९१३ मध्ये त्याला चित्रपटात पहिले किरकोळ काम मिळाले. युनिव्हर्सलच्या आवारात गर्दीतल्या नटांत उभा असताना त्याची गाठ पडली हॅल रोच या तशाच एका उमेदवाराशी. रोचच्या हाती थोडा पैसा येताच त्याने स्वतःची कंपनी काढली आणि लॉइडला सोबत घेतले.

विनोदी लघुपटांना त्या काळी मोठी मागणी होती. एक रीळ म्हणजे साधारण दहा मिनिटांचा खेळ. मुख्य चित्रपटाच्या जोडीला बातमीपट आणि एखादे प्रहसन असल्याशिवाय कार्यक्रम पुरा होत नसे. लहान गावातील चित्रपटगृहाचा मालक आठवड्यातून अनेकदा खेळ बदलत असे. नव्या चित्रपटांच्या प्रिंट आधी मोठ्या शहरांत फिरत आणि त्याच्यापर्यंत पोहोचेतो जुन्या होऊन, झिजून, कधी तुटून जोडलेल्या अवस्थेत येत. भाडे मात्र द्यावेच लागे. खेळ पडला, तर तोटा त्याचाच आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटणारा नाराज प्रेक्षकही त्याच्याच ओळखीचा.

या मालकांना बोलते केले ते शिकागोहून निघणाऱ्या ‘एक्झिबिटर्स हेरल्ड’ या व्यापारी नियतकालिकाने. चित्रपटाने आपल्यासाठी काय केले, हे मालकांनीच कळवावे, असे एक सदर त्याने सुरू केले. चित्रपटाचे नाव, कलावंत, चित्रपटगृह, गाव आणि येणारा प्रेक्षक कोणत्या थरातला, एवढ्या माहितीसह दोन-चार ओळींत निकाल दिलेला असे. अभिनय, छायाचित्रण यांची चिकित्सा तिथे फारशी नसे. लोक हसले का, मुले ओरडली का, गल्ला भरला का आणि भाडे परवडले का, हेच प्रश्न. एका गावच्या मालकाचा शब्द वाचून शेकडो मैलांवरचा दुसरा मालक आपली निवड ठरवी. कंपनीच्या जाहिरातीपेक्षा या ओळींवर त्याचा विश्वास अधिक होता.

अशा बाजारात लॉइडने सुरुवात केली ती चॅप्लिनची छाया बनून. चॅप्लिनचे कपडे ढगळ, म्हणून याचे तंग, एवढाच काय तो फरक. ‘लोनसम ल्यूक’ नावाच्या या पात्राचे साठाहून अधिक लघुपट १९१५ ते १९१७ या काळात निघाले. ते चाललेही. परंतु लॉइड पुढे सांगत असे त्यानुसार, एका चित्रपटगृहात बसला असताना, पडद्यावर ल्यूक दिसताच एका लहान मुलाने चॅप्लिनची नक्कल करणारा आला असे जाहीर केले. ते बोल त्याला झोंबले. लोक हसत होते, पण त्या हशावर मालकी दुसऱ्याची होती.

मग त्याने मिशी काढली, साधे कपडे घातले आणि काचा नसलेला गोल चष्मा डोळ्यांवर चढवला. शेजारच्या घरातला वाटावा असा उत्साही, थोडा भित्रा, पण जिद्दी तरुण! १९१७ मध्ये ‘ओव्हर द फेन्स’मधून हे पात्र अवतरले. ल्यूकची प्रहसने तोवर दोन रिळांची झाली होती. तरीही नव्या पात्रासाठी लॉइडने पुन्हा एक रिळाच्या लघुपटांचा आग्रह धरला. एक फसला, तरी प्रेक्षक विसरण्याआधी दुसरा त्याच्यासमोर यावा आणि हा चेहरा गावोगावी ओळखीचा व्हावा, हा त्यामागील हिशेब होता. तो अचूक ठरला. दोन वर्षांत त्याला दोन रिळांच्या प्रहसनांचा नवा करार मिळाला.

नेमके तेव्हाच आयुष्याने घाव घातला. ऑगस्ट १९१९ मध्ये प्रसिद्धीची छायाचित्रे काढताना, खोटा समजून हाती दिलेला बॉम्ब खरा निघाला. स्फोटात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली आणि दृष्टी जाण्याचीही भीती निर्माण झाली. दृष्टी वाचली. हातावर कृत्रिम बोटांचा मोजा चढवून काही महिन्यांत तो कामावर परतला. प्रेक्षकाला दया आली तर हसू मावळेल, या जाणिवेने त्याने ही दुखापत पडद्यावर कधीही दिसू दिली नाही.

प्रेक्षकांचा कौल गावोगावच्या अहवालांतून येईपर्यंत थांबणे त्याला मंजूर नव्हते. प्रदर्शनापूर्वीच एखाद्या चित्रपटगृहात पूर्वसूचना न देता चित्रपट दाखवायचा, कोणत्या प्रसंगाला किती हशा पिकतो याची नोंद घ्यायची आणि त्यानुसार काटछाट करायची, ही पद्धत त्याने व रोचने नेटाने राबवली. १९२२ मधील ‘ग्रँडमाज बॉय’च्या अशाच चाचणीत हशा कमी पडला, तेव्हा लॉइडने त्यात नवे विनोद घातले. चित्रपट गाजला.

उंचीवरच्या थराराचेही तसेच. ‘लुक आउट बिलो’, ‘हाय अँड डिझी’ आणि ‘नेव्हर वीकन’ या लघुपटांत त्याने भीती आणि हसू यांचे मिश्रण अजमावून पाहिले. लोक किंचाळत आणि त्याच श्वासात हसत. या अनुभवाच्या पायावर १९२३ मध्ये ‘सेफ्टी लास्ट’ उभा राहिला आणि त्यातले घड्याळ अजरामर झाले. १९२५ मध्ये ‘द फ्रेशमन’ आला. त्या दशकात चित्रपटांच्या एकूण कमाईत लॉइडने चॅप्लिनलाही मागे टाकले, कारण चॅप्लिन क्वचित येई आणि लॉइड नेमाने. यशासोबत त्याच्या चित्रपटांचे भाडेही वाढले. ज्या छोट्या मालकांनी त्याला मोठे केले, त्यांनाच तो महाग वाटू लागला.

हशाचा कौल दर वेळी हितकारक असतोच असे नाही. १९२९ मध्ये ‘वेलकम डेंजर’ हा मूकपट पूर्ण झाला होता. तेवढ्यात एका सामान्य बोलपटातील क्षुल्लक आवाजांना प्रेक्षक खदखदून हसताना त्याने ऐकले आणि आपल्या चित्रपटाचा मोठा भाग पुन्हा ध्वनीसह चित्रित केला. पैसा मिळाला, लय मात्र हरवली. पुढच्या वर्षी ‘फीट फर्स्ट’मध्ये तो पुन्हा इमारतीवर चढला. आता त्याचे धापा टाकणे आणि ओरडणे ऐकू येत होते. भीती खरी वाटू लागली आणि हसू आटले. मंदीने गांजलेल्या प्रेक्षकाला हा यशोलोलुप तरुण पूर्वीसारखा आपला वाटेना. १९३८ नंतर तो जवळजवळ थांबला. १९४७ मध्ये एक शेवटचा चित्रपट केला. १९५३ च्या ऑस्कर सोहळ्यात त्याचा विशेष गौरव झाला.

आपल्या चित्रपटांचे हक्क त्याने स्वतःकडे राखले होते. दूरचित्रवाणीवर जाहिरातींसाठी चित्रपट मध्येच तोडला जाणे त्याला रुचेना, म्हणून त्याने तिथे ते अडवून धरले. परिणामी, घरोघरी चॅप्लिन पोहोचला आणि लॉइड नव्या पिढीला अपरिचित राहिला. ८ मार्च १९७१ रोजी त्याचे निधन झाले. त्यानंतर हळूहळू त्याचे चित्रपट पुन्हा लोकांसमोर आले आणि २००५ मध्ये त्यांचा मोठा संच डीव्हीडीवर उपलब्ध झाला.

काही गोष्टी मात्र परत येणाऱ्या नव्हत्या. १९४३ मध्ये त्याच्या ‘ग्रीनएकर्स’ या निवासस्थानातील फिल्म साठवण्याच्या खोलीला आग लागली आणि सुरुवातीच्या काळातील अनेक लघुपट जळून गेले. ‘लोनसम ल्यूक’पैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत. त्यांच्याविषयी जे थोडेफार कळते, ते जुन्या व्यापारी नियतकालिकांच्या पिवळ्या पडलेल्या पानांतून. ज्या हशासाठी हॅरॉल्ड लॉइड आयुष्यभर कान टवकारून बसला, तो या दोन-चार ओळींपुरता उरला आहे.